‘आऊट’ झालेल्या मुलांची उजळणी कोण घेणार?

२०२५ च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय आला आणि जून संपता संपता मागेही घेतला गेला. त्या अडीच महिन्यांत महाराष्ट्रातला प्रत्येक माणूस भाषातज्ज्ञ झाला होता. कोणती भाषा, कितवीपासून, सक्तीची की ऐच्छिक, एवढ्याशा जिवावर तीन भाषांचं ओझं कशाला. मी दिग्रसला उर्दू माध्यमाच्या मुलांना उर्दू आणि मराठी शिकवते. आमची मुलं पहिलीपासूनच उर्दू, मराठी आणि इंग्रजी शिकतात. तीन भाषा, तीन लिप्या, त्यातली एक उजवीकडून डावीकडे. मकतबमध्ये अरबी वाचतात ती वेगळीच. हे ओझं कुणाला दिसलं नव्हतं आणि वाद मिटल्यावर पुन्हा दिसेनासं झालं. असो.

माझं भांडण दुसरं आहे. भाषा कोणती यावर एवढी डोकी फुटली, पण शिकवलेली भाषा मुलाच्या डोक्यात टिकते कशी, हा प्रश्न कुणी विचारला नाही. सोमवारी ‘वेळ’ आणि ‘वेल’ शिकवलं, गुरुवारी मुलाच्या वहीत पुन्हा ‘किती वेल झाला’. त्यावर आपल्या शिक्षण खात्याकडे सध्या एकच औषध आहे, खेळ. खेळ घ्या, फोटो काढा, ग्रुपवर टाका.

मागच्या एका शिक्षण परिषदेत प्रशिक्षकांनी आम्हा शिक्षकांनाच मुलं करून गोलात उभं केलं. चेंडू फेकायचा. ज्याच्या हातात येईल त्यानं आधीच्या शब्दाच्या शेवटच्या अक्षरावरून नवा शब्द सांगायचा. पाच अंक मोजेपर्यंत नाही जमलं तर आऊट, बाजूला जाऊन बसायचं. शेवटी उरेल त्याला टाळ्या. सगळे हसले, मजा आली, मलाही आली. मग मी विचारलं, ‘‘सर, जो पहिला आऊट झाला त्याला उजळणीची सगळ्यात जास्त गरज होती ना? तो तर आता बसून आहे. त्याची उजळणी कोण घेणार?’’

उत्तर आलं, ‘‘मॅडम, खेळाला खेळासारखं घ्या.’’

घेते. म्हणूनच हा लेख लिहायला बसले.

आधी माझीच चूक सांगते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की बाई दुसऱ्यांनाच शिकवते आहे. बी.एड. झाल्यावर पहिली पाच-सहा वर्षं मी हाच खेळ मोठ्या हौसेनं घेत असे. दर शनिवारी शेवटच्या तासिकेला अंताक्षरी. वर्ग खूष, मी खूष. सातवीत एक मुलगी होती, अक्षर सुंदर, बोलायला अगदी कमी. एका शनिवारी मी चेंडू हातात घेतला, अजून खेळ सुरूही झाला नव्हता, आणि ती उठून खिडकीजवळच्या बाकावर जाऊन बसली. मी विचारलं, ‘‘क्या हुआ?’’ ती म्हणाली, ‘‘आपा, मैं आऊट हूँ।’’

तिच्या आवाजात रुसवा नव्हता, तक्रार नव्हती. हजेरी द्यावी तसं तिनं सांगितलं. वर्षभर मी तिला हेच शिकवलं होतं आणि ती ते नीट शिकली होती.

त्या दिवशी घरी जाऊन मी साधा हिशेब मांडला. वर्गात ४६ मुलं. तासिका ३५ मिनिटांची. मुलांना गोलात उभं करायला, नियम सांगायला, भांडणं सोडवायला पाच मिनिटं. उरली तीस. चेंडू फेकणं, सुटणं, बाकाखालून काढणं, शब्द आठवणं धरून एका पाळीला अर्धं मिनिट. म्हणजे साठ पाळ्या. सगळ्यांना सारखी संधी मिळाली तरी एका मुलाच्या वाट्याला जेमतेम सव्वा शब्द! आणि सारखी मिळतच नाही. पहिल्या दहा मिनिटांत निम्मा वर्ग बाहेर, उरलेल्या वेळात चार-पाच हुशार पोरं आपापसांत सामना खेळतात. त्यांना ते शब्द आधीपासूनच येतात. याला आपण उजळणी म्हणतो.

दुसरी गोष्ट माझ्या लक्षात आणखी उशिरा आली. मराठीत ‘ळ’ आणि ‘ण’ वरून सुरू होणारा शब्द नाही. म्हणून भेंड्या खेळताना आमच्याकडे नियम असतो की ‘ळ’ आला तर ‘ल’ घ्या, ‘ण’ आला तर ‘न’ घ्या. घरी गाण्याच्या भेंड्यांत ते चालतं. पण माझ्या वर्गात? उर्दूत ‘ळ’ नाही. आमचं मूल मराठीत सगळ्यात आधी अडतं ते ‘ळ’वर. त्याच्या कानाला माळ आणि माल, काळ आणि काल, मूळ आणि मूल एकच. आणि मी दर शनिवारी टाळ्या वाजवून त्याला सांगत होते की ‘ळ’ म्हणजेच ‘ल’! आठवडाभर जे शिकवलं ते शनिवारी खेळात पुसून टाकत होते.

(ऱ्हस्व-दीर्घाबद्दल बोलतच नाही. आणि ‘ळ’चं म्हणाल तर आमच्या वऱ्हाडात तो फक्त आमच्याच मुलांना येत नाही असंही नाही. इथली शेजारीण ‘डोळे’ला ‘डोये’ म्हणते आणि ‘काळा’ला ‘काया’. तिला कुणी म्हणत नाही की तुला मराठी येत नाही. आमच्या मुलाला म्हणतात.)

या शेवटच्या वाक्यासाठीच मी एवढी भांडते. मराठी सक्तीचा कायदा २०२० साली झाला, न शिकवणाऱ्या शाळेच्या जबाबदार माणसाला एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये मराठी अभिजात झाली. चांगलं झालं, मला आनंद आहे, ती माझीही भाषा आहे. पण माझ्या वर्गातली मुलगी उद्या तहसीलमध्ये उत्पन्नाचा दाखला काढायला जाईल, आयटीआयचा फॉर्म भरेल, दवाखान्यात अम्मीला घेऊन जाईल, तेव्हा तिथं मराठी अभिजात आहे की नाही याला महत्त्व नाही. तिला खिडकीपलीकडच्या माणसाशी चार वाक्यं सरळ बोलता येतात की नाही, याला आहे. नाही आली तर तो माणूस एक शेरा मारणार, आणि तो शेरा तिच्यापुरता राहणार नाही. शाळेत ‘आऊट’ झालेलं मूल बाहेरही आऊट होतं.

आता मला माहीत आहे, काही जण म्हणतील, मग खेळ बंद करा. पाढे म्हणा, शब्दार्थ दहा-दहा वेळा लिहून आणा. आमच्या जुन्या लोकांना हे फार आवडतं. वर्गातून आवाज आला की शेजारच्या वर्गातून निरोप येतो, ‘‘काहून मॅडम, आज शिकवणं नाही का?’’ गिजुभाई बधेकांच्या ‘दिवास्वप्न’मधल्या मास्तरालाही शेजारच्या शिक्षकांनी असंच हसण्यावारी नेलं होतं. तेव्हापासून आपण काही फार पुढे आलो नाही. दहा वेळा लिहिणारं मूल नववी ओळ वरची आठवी बघून लिहितं. हात चालतो, डोकं झोपतं.

याचा पुरावा हवा असेल तर आहे. हर्मन एबिंगहाऊस या जर्मन माणसानं १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून छापलं की पाठ केलेलं किती झपाट्यानं विसरतं, आणि विसरण्याचा मोठा भाग अगदी सुरुवातीलाच होतो. पुढे २००६ साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक यांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी तेच पुन्हा वाचले, काहींनी कागद बाजूला ठेवून आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं घेतली तर आठवून लिहिणारे पुढे होते. म्हणजे भाषा टिकते ती आठवण्याचे कष्ट घेतल्यानं. म्हणून चांगल्या खेळाची माझी व्याख्या साधी आहे. खेळ चालू असताना वर्गातली सगळी डोकी एकाच वेळी आठवत आहेत का? चेंडूच्या खेळात एक डोकं आठवत असतं आणि पंचेचाळीस चेंडूकडे बघत असतात.

हे शोधायला मला अमेरिकेला जायची गरज नव्हती, ही खरी लाज आहे. माझ्या मोहल्ल्यातच सगळं होतं. जी मुलं हिफ्ज करतात त्यांच्या अभ्यासाचे तीन भाग असतात. सबक म्हणजे आजचा नवा धडा, सबकी म्हणजे गेल्या काही दिवसांचा, आणि आमोख्ता म्हणजे जुना, आधी पाठ झालेला. रोज तिन्ही ऐकवायचे. आमोख्ता हा फारसी शब्द, अर्थ ‘शिकलेलं’. उजळणीला याहून चांगला शब्द मला माहीत नाही, आपला ‘उजळणी’ सोडून. भांडं घासून उजळावं तसं. मकतबमध्ये मुलं जोडीजोडीनं बसतात आणि एकमेकांचं ऐकतात. चाळीस मुलं असली तर वीस तोंडं एका वेळी बोलतात आणि वीस कान तपासतात. कुणी अडलं तर समोरचा पुढचा शब्द पुरवतो, त्याला ‘लुकमा’ म्हणतात. लुकमा म्हणजे घास. तरावीहमध्ये इमाम साहेब अडले तर मागचा हाफिज लुकमा देतो आणि नमाज पुढे चालते. इमाम साहेबांना कुणी आऊट करत नाही!

तिथं सगळं छान होतं असं म्हणत नाही. छडीही होती, आणि अर्थ न समजता पाठ करणंही. पण उजळणीची यंत्रणा पक्की होती. आम्ही बी.एड. करून आलो आणि घरातलं ते सोडून चेंडू घेऊन उभे राहिलो.

बैतबाजीचंही तेच केलं. माझ्या लहानपणी लोडशेडिंग झालं की मामूंच्या अंगणात चटया पडायच्या आणि दोन बाजू व्हायच्या. शेराच्या शेवटच्या हर्फावरून पुढचा शेर. आम्हा लहानांना एकही पूर्ण यायचा नाही. आम्ही पहिला शब्द म्हणायचो, पुढचं नानी म्हणायची, आणि शेर आमच्या नावावर लागायचा. अडलो तर सगळी बाजू मिळून आठवायची. मराठी घरांतल्या भेंड्या तरी काय वेगळ्या आहेत? ज्यांना गाणं आठवलं नाही त्यांच्यावर भेंडी चढते, पण ते अंगणातच राहतात, पुढचं गाणं तेच म्हणतात. दोन्ही घरांत कुणी बाहेर जात नाही. बाहेर काढायची रीत शाळेतल्या स्नेहसंमेलनानं आणली. आता बैतबाजी म्हणजे शाळेतल्या दोन मुली निवडायच्या, महिनाभर त्यांच्याकडून शेर घोटून घ्यायचे, ट्रॉफी आणायची. त्या मुलींना शेराचा अर्थ विचारा, एखादीलाच सांगता येईल. आणि उरलेली शाळा खुर्च्या लावायला. आमचे उर्दूचे मोठमोठे लोक मंचावर बसून म्हणतात, ज़बान ज़िंदा है. हजरत, दोन मुलींत ज़िंदा है, बाकीच्यांचं काय?

त्या शनिवारनंतर मी काय बदललं ते सांगते. चमत्कार सांगणार नाही, कारण झाला नाही.

उर्दूत दोन लिंगं, मराठीत तीन. आमची मुलं ‘ते’ विसरतात, ‘तो झाड’, ‘ती पुस्तक’ म्हणतात. बाग उर्दूत पुल्लिंगी, मराठीत स्त्रीलिंगी, तिथं तर गोंधळ ठरलेला. आधी मी वर्गाचे तीन कोपरे केले होते, तो-ती-ते, शब्द ऐकून पळायचं. पण सगळा वर्ग एका हुशार मुलीच्या मागे पळायचा! मग पळणं बंद केलं. आता डोळे मिटायचे, मी शब्द म्हणते, ‘तो’साठी एक बोट, ‘ती’साठी दोन, ‘ते’साठी तीन. सगळे एकदम. कुणी कुणाचं बघू शकत नाही, कुणाला कुणी हसू शकत नाही, आणि मला एका नजरेत दिसतं की ‘मैदान’ला अर्ध्या वर्गानं एक बोट वर केलं आहे. मग तोच शब्द मी परवा पुन्हा घेते, आणि आठ दिवसांनी पुन्हा. पाच मिनिटांत वीस शब्द होतात, शेहेचाळीस मुलांचे. चेंडूच्या साठ पाळ्यांशी तुलना तुम्हीच करा.

‘ळ’साठी जोड्या. पाठीला पाठ लावून बसायचं, एकीनं ‘वेळ’ म्हणायचं, दुसरीनं पाटीवर ऐकलं ते लिहायचं. चूक झाली तर ती बोलणारीची की लिहिणारीची, यावर त्या दोघी भांडतात. त्या भांडणातच ‘ळ’ जिभेवर बसतो. कुणी अडलं की शेजारी पहिलं अक्षर पुरवतो. त्याला आम्ही लुकमाच म्हणतो. वर्गातला नियम एकच, लुकमा मागायला लाजायचं नाही. नाव-गाव-फळ-फूलसुद्धा घेते, आमच्या घरांत तो ‘नाम-चीज़-जगह-जानवर’ म्हणून खेळतातच. त्यात सगळे एकाच वेळी लिहितात, आणि जो शब्द दुसऱ्या कुणी लिहिला नाही त्याला जास्त गुण, त्यामुळे ‘आंबा’ सोडून ‘सीताफळ’ आठवावं लागतं.

आणि मला सगळ्यात आवडतो तो खेळ, ‘दोन घरांचे शब्द’. मराठी वर्तमानपत्राचं एक पान प्रत्येक जोडीला. त्यात आपल्या घरातले शब्द शोधा. अर्ज, हुकूम, वकील, तारीख, कागद, दुकान, जमीन, इमारत. पहिल्यांदा घेतला तेव्हा मुलं चकित झाली. जी भाषा परकी म्हणून घाबरत होती ती अर्धी ओळखीची निघाली. पण खरी गंमत पुढे आहे. शब्द तोच, अर्थ बदललेला. उर्दूत बाज़ू म्हणजे दंड, मराठीत कडा किंवा दिशा. उर्दूत इशारा म्हणजे खूण, मराठीत ताकीद. खाली म्हणजे रिकामं, इथं खालच्या बाजूला. एका मुलानं ‘मंत्र्यांचा राजीनामा’ वाचून सांगितलं, ‘‘आपा, मंत्री साहब राज़ी हो गए।’’ उर्दूत राज़ीनामा म्हणजे समझोता, त्याचं काय चुकलं? दोन्ही अर्थ फळ्यावर लिहिले. तो मुलगा आता हा शब्द जन्मात विसरणार नाही.

लोक म्हणतात, यात जिंकणं-हरणं नाही, मुलांना मजा कशी येणार? हा आक्षेप मला पटतो थोडा. मुलांना स्पर्धा हवी असते, मी नाकारत नाही. म्हणून गुण ठेवते, पण जोडीचे, आणि मागच्या आठवड्याच्या आपल्याच गुणांशी मोजायचे. तरी दोन-तीन मुलं अजून म्हणतात, आपा, चेंडूवाला घ्या ना. वर्षातून एकदोनदा घेतेही, मैदानात, उजळणी म्हणून नव्हे. खेळ म्हणून चेंडू चांगलाच आहे.

खात्याला माझं सांगणं एवढंच की फोटोवरून खेळ मोजू नका. २०१५ साली ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ सुरू झालं तेव्हा साताऱ्याकडच्या कुमठे बीटच्या शाळा बघायला राज्यभरातून शिक्षक गेले. तिथल्या शिक्षकांनी मुलं समजून घेऊन काम केलं होतं. आपण परत येऊन काय केलं? फरशा रंगवल्या. आजही कितीतरी शाळांत त्या रंगीत फरशीवर मुलं रांगेत बसून फळ्यावरचं उतरवून घेतात. २०२३ साली दिल्लीहून ‘जादुई पिटारा’ आला, मग आनंददायी शनिवार आला. वस्तू वाईट नाहीत. पण कुठल्याही अहवालात हा रकाना नाही की खेळात किती मुलं बोलली, किती नुसती बघत होती आणि आठ दिवसांनी तेच शब्द पुन्हा विचारले का. हे तीन प्रश्न विचारायला पैसा लागत नाही.

ती खिडकीजवळ बसणारी मुलगी मराठीत पास झाली, फार गुण नव्हते. माझी नवी पद्धत तिच्या वाट्याला जेमतेम तीन महिने आली. तिचं श्रेय मी घेऊ शकत नाही, तिचं जे नुकसान झालं ते मात्र माझंच.

परवाच्या शनिवारी ग्रुपवर मेसेज आला, ‘खेळातून भाषा उपक्रमाचे फोटो चार वाजेपर्यंत टाकावेत.’ आमचा तो-ती-ते चालूच होता. तसाच फोटो काढून टाकला, शेहेचाळीस मुलं डोळे मिटून, कुणाचं एक बोट वर, कुणाची तीन. दहा मिनिटांत उत्तर आलं.

‘‘मॅडम, मुलं झोपलेली का दिसतात? खेळाचा फोटो पाठवा.’’